मुलांच्या शिक्षणात कला : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील फोंडा तालुक्यात चित्रकलेचा शिक्षक म्हणून काम करताना पालकसभेत, शाळेच्या फाटकापाशी आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत लोकांच्या घरी आरतीला गेल्यावरही काही प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत. काहींना दोन-चार वाक्ये पुरली.

शाळेत आधीच इतके विषय असताना कलेसाठी वेगळा वेळ कशासाठी द्यायचा?

बहुतेक विषयांत उत्तर आधीच ठरलेले असते आणि मुलाला त्याच्यापर्यंत पोहोचायचे असते. कोरा कागद समोर आला की तसे काही ठरलेले नसते. माड कागदाच्या मधोमध काढायचा की कडेला, आजी मोठी काढायची की घर मोठे, आभाळाला रंग द्यायचा की कागदाचा पांढरा रंगच आभाळ म्हणून सोडायचा, असे कितीतरी लहानमोठे निर्णय मूल अर्ध्या तासात घेते आणि प्रत्येक निर्णयाचा परिणाम त्याला तिथल्या तिथे दिसतो. निर्णय चुकला तर त्यातून वाट काढण्याची जबाबदारीही त्याचीच असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला दिवसभरात इतकी मुखत्यारी दुसरीकडे कुठे मिळते, याचा पालकांनी विचार करावा. माझ्या मते कलेच्या तासाचे मुख्य काम हेच आहे आणि सुंदर चित्र तयार होणे हा त्यातला दुय्यम लाभ आहे.

दुसरे काम पाहायला शिकवण्याचे. पाचवीच्या वर्गाला मी दरवर्षी जास्वंदीचे फूल आधी आठवणीने काढायला सांगतो. बहुतेक मुले एक गोल काढून त्याच्याभोवती सात-आठ गोलसर पाकळ्या लावतात. मग शाळेच्या कुंपणावरची फुले आणून प्रत्येकासमोर एक ठेवतो. दुसऱ्या चित्रात पाकळ्या पाचच असतात, एकीवर एक चढलेल्या असतात, मधून लांब दांडी बाहेर आलेली असते आणि तिच्या टोकाशी पाच ठिपके असतात. ज्या फुलाला ही मुले रोज हात लावतात, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलेले असते. विज्ञानाच्या बाई त्याच आठवड्यात फुलाचे भाग शिकवणार असल्या, तर आम्ही दोघे तास जोडून घेतो.

तिसरी गोष्ट गोव्यापुरती अधिक खरी आहे. आपल्या पुष्कळ मुलांच्या घरी कोकणी बोलली जाते, शाळेत मराठी वाचावी-लिहावी लागते आणि लवकरच इंग्रजीही येऊन बसते. या तीन भाषांच्या मध्ये कुठेतरी अडकलेले पहिलीतले मूल वर्गात गप्प असते, पण त्याचे चित्र गप्प नसते. चित्राकडे बोट दाखवून "हे कोण?" असे विचारले की ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत ते बोलू लागते आणि शिक्षकाला धरायला एक धागा मिळतो.

संगीत शिकल्याने गणित सुधारते, बुद्धी वाढते असे म्हणतात. हे खरे आहे का?

जितके सांगितले जाते तितके नाही. १९९३ साली अमेरिकेत फ्रान्सिस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक लहान प्रयोग केला. मोझार्टची दोन पियानोंसाठी असलेली रचना दहा मिनिटे ऐकल्यानंतर आकार आणि जागा यांविषयीच्या कोड्यांमध्ये त्यांचे गुण थोडे वाढले आणि हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. प्रयोग मोठ्यांवर झाला होता, संगीत फक्त ऐकवले होते आणि लाभ पाव तासाचा होता. तरीही १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिफीत देण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद मागितली. बाळांसाठीच्या अशा ध्वनिफितींचा बाजार तिथून फोफावला.

याहून काळजीपूर्वक केलेला अभ्यास टोरोंटोच्या ग्लेन शेलेनबर्ग यांचा, २००४ सालचा आहे. सहा वर्षांच्या १४४ मुलांचे त्यांनी चार गट केले : एकाला कीबोर्ड, दुसऱ्याला गायन, तिसऱ्याला नाट्य शिकवले आणि चौथ्याला वर्षभर काहीच शिकवले नाही. संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ७ गुणांनी वाढला आणि इतरांचा सुमारे ४.३ गुणांनी. फरक खरा आहे, पण लहान आहे. नाट्याच्या गटात मात्र इतरांशी वागण्या-बोलण्यात सुधारणा दिसली आणि ती संगीताच्या गटांत दिसली नाही. हार्वर्डच्या प्रोजेक्ट झीरो या संशोधन केंद्रात एलेन विनर आणि लोइस हेटलंड यांनी २००० साली कलाशिक्षणाविषयीच्या उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित ताळा मांडला. कलेमुळे शालेय गुण वाढतात या सरसकट दाव्याला त्यांना भक्कम आधार सापडला नाही. ज्या थोड्या ठिकाणी तो सापडला, त्यांत वर्गातील नाट्य आणि मुलांची भाषा यांचा संबंध ठळक होता.

कलाशिक्षकाने हे असे उघडपणे सांगावे का, असे एका सहकाऱ्याने मला विचारले होते. सांगावे असे मला वाटते. गणितासाठी संगीत शिकवले, तर गणिताचे गुण वाढले नाहीत त्या दिवशी संगीताची शिकवणी बंद होते. मुलाने गाणे शिकावे ते गाणे यावे म्हणून. मूल गणितात मागे असेल, तर त्याला गणितच अधिक चांगले शिकवावे लागेल.

मूल किती वर्षांचे झाल्यावर सुरुवात करावी?

सुरुवात मूलच करते, साधारण दीड-दोन वर्षांचे झाल्यावर, आणि बहुधा भिंतीवर. त्या वयातील रेघोट्यांना आपण गिरबिट म्हणून बाजूला सारतो, पण ऱ्होडा केलॉग या अमेरिकन संशोधिकेने जगभरातील मुलांची चित्रे वर्षानुवर्षे जमवून या रेघोट्यांचे २० मूळ प्रकार वेगळे केले. त्यांतूनच पुढे वर्तुळ, फुली आणि सूर्यासारखा किरणांचा गोल तयार होतो. तीन-चार वर्षांचे मूल माणूस काढते तेव्हा डोक्यालाच हातपाय फुटलेले असतात. त्यात काही बिघडलेले नसते. जगभरातील मुले याच पायरीवरून जातात.

कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी केलेली वयाची विभागणी आजही उपयोगी पडते : चार वर्षांपर्यंत रेघोट्या, सातपर्यंत पहिली ओळखू येणारी चित्रे, नऊपर्यंत ठरावीक खुणांची चित्रे (जमिनीची सरळ रेघ, वर आभाळाची पट्टी) आणि त्यानंतर खऱ्यासारखे दिसावे अशी ओढ. सात-आठ वर्षांचे मूल घराची भिंत काढूनही आतली माणसे, चूल आणि खाटेखालचे मांजर दाखवते. घरात काय आहे हे त्याला ठाऊक असते, आणि जे ठाऊक आहे ते भिंत आड आली म्हणून का लपवायचे, असा त्याचा सरळ हिशेब असतो.

खरी जपण्याची वेळ नऊ ते बारा या वयात येते. स्वतःचे चित्र खऱ्या वस्तूसारखे दिसत नाही हे मुलाला याच काळात कळू लागते आणि "मला चित्र येत नाही" हे वाक्य बहुतेक जण याच सुमारास पहिल्यांदा म्हणतात. तुम्ही स्वतः कोणत्या इयत्तेत चित्र काढणे थांबवले ते आठवून पाहावे. बहुतेक पालक मला पाचवी ते सातवी असेच सांगतात. या वयात छायाप्रकाश, प्रमाण, जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसणे हे तंत्र मुलाला शिकवायला हवे, कारण आता ते स्वतःच ते मागत असते. पाचव्या वर्षी तेच तंत्र लादले तर उपयोग होत नाही.

मुलाने काढलेले चित्र मला समजत नाही. अशा वेळी काय बोलावे?

या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः चुकून शिकलो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत चवथीनंतर मुलांना माटोळीचे चित्र काढायला सांगितले होते. गोव्याबाहेरील वाचकांसाठी सांगतो : गणपतीच्या डोक्यावर आढ्याला लाकडी चौकट टांगून तिला रानातील आणि परसातील फळे, पाने, फुले बांधतात. त्यात नारळ, सुपारीचे शिपटे, तोरिंग, आंबाडे, लालभडक कवंडळे आणि पांढऱ्या पानांची शेरवड असते. बहुतेक मुलांनी समोरून दिसणारी चौकट आणि खाली लोंबणारी फळे काढली होती. एका मुलीने मात्र कागदभर नुसते गोल काढले होते. काही गोलांच्या मध्ये एकच ठिपका होता, काहींत चांदणीसारखी खूण होती, आणि त्यांच्यामधून आडव्या-उभ्या काठ्या गेल्या होत्या. मी तिला "फळे अशी दिसतात का?" असे विचारले आणि लाल पेनाने कडेला एक लोंबता नारळ काढून दाखवला. तिने निमूटपणे दुसऱ्या कागदावर माझ्यासारखा नारळ काढला.

चार-पाच दिवसांनी तिच्या घरी प्रसादाला गेलो तेव्हा ती माटोळीखाली चटईवर पाठ टेकून वर पाहत पडली होती. तिने माटोळी खालून काढली होती. प्रत्येक फळाचा तळ तिला जसा दिसला, तसाच कागदावर उतरला होता. वर्गातील चाळीस मुलांमध्ये प्रत्यक्ष पाहून चित्र काढणारी ती एकटीच होती आणि मी तिला न पाहता काढायला शिकवले होते.

तेव्हापासून मी चित्रावर पेन टेकवत नाही. तुम्हीही "हे काय आहे?" असे विचारण्याऐवजी "याबद्दल सांग" असे म्हणावे, पहिल्या प्रश्नात चित्र कळत नसल्याची तक्रार असते, दुसऱ्या वाक्यात ती नसते. "छान" हा शब्द अगदीच टाळावा असे नाही, पण प्रत्येक चित्राला तोच शब्द मिळाला की मुलाला तो ऐकू येईनासा होतो. त्याऐवजी जे दिसते ते बोलावे : "कोपऱ्यातला हिरवा या हिरव्यापेक्षा गडद झालाय", "होडी कागदाच्या बाहेर चाललीय." आपले चित्र कोणीतरी नीट पाहिले, हे मुलाला तेवढ्याने कळते.

रंगवण्याची पुस्तके आणि मोबाइलवरील "पाहा आणि काढा" चित्रफिती वापराव्यात का?

बोटांना वळण लागावे आणि पावसाळ्यात दुपार शांत जावी एवढ्यापुरती त्यांना हरकत नाही. पण त्यांना चित्रकला म्हणू नये, कारण त्यांत काय काढायचे, कुठे आणि किती मोठे, हे दुसऱ्याने आधीच ठरवलेले असते.

अशा तयार नमुन्यांतील सर्वांत टिकाऊ नमुना आपण पिढ्यान्‌पिढ्या हातोहात देत आलो आहोत : दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणाची नदी, काठावर झोपडी आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. कळंगुटपासून काणकोणपर्यंत किनाऱ्यावर राहणारी मुलेसुद्धा हेच काढतात, जरी त्यांचा सूर्य रोज त्यांच्या डोळ्यांदेखत समुद्रात बुडतो. मी वर्गात हा देखावा काढायला बंदी घातलेली नाही. फक्त "तुझ्या खिडकीतून काय दिसते ते काढ" असे सांगतो. मग विजेचा खांब, शेजाऱ्याची पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे आणि भाटात (माडांच्या बागेत) उभी असलेली जुनी स्कूटर कागदावर येते, आणि कोणत्याही दोन मुलांची चित्रे सारखी होत नाहीत.

चित्रकला स्पर्धेत मुलाला पाठवावे का? बक्षिसाने प्रोत्साहन मिळत नाही का?

मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तीन ते पाच वर्षांच्या, चित्रकलेची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना "चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल" असे आधीच सांगितले, काहींना न सांगता ते दिले आणि काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी सगळ्यांसमोर रंगीत पेने मोकळी ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या अपेक्षेने चित्र काढलेल्या मुलांनी त्यांच्याकडे इतरांच्या तुलनेत सुमारे निम्माच वेळ दिला. अनपेक्षितपणे बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

म्हणून सात-आठ वर्षांपर्यंत स्पर्धा नकोच, असे माझे मत आहे. पुढे मूल स्वतः जायचे म्हणाले तर जरूर पाठवावे, पण महिनाभर आधी शिकवणीत एकच "स्पर्धेचे चित्र" घोटवून घेऊ नये. एका स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलो असताना एकाच शिकवणीतून आलेल्या सहा मुलांनी "पर्यावरण वाचवा" या विषयावर तोच तळहात आणि तळहातावर तीच पृथ्वी काढलेली पाहिली. सहाही चित्रे नीटनेटकी होती. कोणते कोणाचे, हे मागचे नाव वाचल्याशिवाय कळण्याची सोय नव्हती.

घरी कोणते साहित्य असावे? फार खर्च येतो का?

फार खर्च येत नाही. लहान मुलांना छोट्या कागदापेक्षा मोठा कागद द्यावा. जुन्या कॅलेंडरांची कोरी बाजू उत्तम. मेणाचे जाड खडू, दोन ब्रश आणि तांबडा, पिवळा, निळा, काळा, पांढरा एवढे रंग पुरतात. हिरवा आणि जांभळा मुलाला स्वतः करू द्यावा. खोडरबर मात्र दहा वर्षांपर्यंत पेटीत ठेवू नये. रबर हाताशी असले की मूल दोन रेघा काढते आणि तीन खोडते. ते नसले की चुकलेल्या रेघेचे काय करायचे याचा विचार करते आणि तिचा पक्षी नाहीतर पायवाट करून टाकते.

गोव्यात अर्धे रंग तर दारातच मिळतात. चिऱ्याच्या दगडाचा चुरा पाण्यात कालवून गाळून घेतला आणि त्यात थोडा डिंक घातला की उत्तम तांबडा होतो, चुलीतला कोळसा तर आहेच. हळदीचा पिवळा रंग तयार झाला की त्यात चुन्याची निवळी टाकून दाखवावी. तो पाहता पाहता कुंकवासारखा तांबडा होतो. भिरंडाच्या (कोकमाच्या) रसाचाही रंग चुन्याने पालटतो. हळदीचे चित्र उन्हात ठेवले तर ते फिके पडते, हेही मुलांना एकदा अनुभवू द्यावे. अगदी लहान मुले बोटे तोंडात घालतात, त्यामुळे त्यांच्यासाठी विकतचे रंग घेताना ते बिनविषारी असल्याची खात्री करावी आणि चुन्याचे काम मोठ्यांनीच करावे.

गावातील पारंपरिक कलांचा शाळेतील शिक्षणाशी काय संबंध?

माझ्या दृष्टीने हा या यादीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि पालक तो सर्वांत कमी विचारतात. कला शिकण्यासाठी शहरात, वातानुकूलित खोलीत, शुल्क भरून जावे लागते असा समज वाढत चालला आहे. प्रत्यक्षात आपल्या गावातील मूल वर्षभर कलेच्या मधोमध वावरत असते, फक्त तिला कोणी कला म्हणून त्याच्या निदर्शनास आणून देत नाही.

माटोळीचेच पाहा. ती बांधताना जड फळे दोन्ही बाजूंना सारखी विभागली नाहीत तर चौकट कलते. तो तोल साधणे म्हणजे रचनेचा धडा, आणि तो प्रत्यक्ष वजनासह शिकवला जातो. रानात जाऊन कोणते फळ कोणत्या वेलीचे हे ओळखणे म्हणजे वनस्पतिशास्त्र, आणि ते आजोबांकडून मिळते. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर उभा राहणारा नरकासुर म्हणजे बांबू, गवत आणि कागद यांचे भले मोठे शिल्पच. त्याचा सांगाडा कसा उभा राहतो हे सातवीतल्या मुलाला विचारा. आवाज आणि गर्दी यांबद्दल माझ्या तक्रारी आहेत, पण त्या इथे मांडायच्या नाहीत.

कावी कला पाहायची तर मोरजीचे मोरजाईचे देऊळ आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर देऊन तो ओला असतानाच कोरतात आणि खालचा पांढरा चुना उघडा पडून नक्षी उमटते. वर्गात हेच करायला गिलावा लागत नाही : जाड पांढऱ्या कागदावर मेण चोळून त्यावर तांबड्या रंगाचा दाट थर द्यावा, तो सुकला की माडाच्या हिराने कोरावा. कोरलेली रेघ पुसता येत नाही, त्यामुळे हात टेकवण्यापूर्वी मूल विचार करते. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगळीमळला जांभ्या दगडाच्या सड्यावर कोरलेले बैल, हरणे, मानवी आकृती आणि चक्रव्यूहासारखे वर्तुळ आहे. १९९३ साली ही चित्रे अभ्यासकांच्या नजरेस आली. मुलांना तेथे नेले तेव्हा तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "सर, हांणी पूण रबर वापरूंक ना." (सर, यांनीसुद्धा रबर वापरले नाही.) त्याचे निरीक्षण बरोबर होते.

नादाच्या बाजूने घुमट हे वाद्य आहे. दोन्ही तोंडे उघडी असलेले हे मातीचे भांडे, मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले. पूर्वी घोरपडीचे कातडे वापरत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यामुळे आता बकऱ्याचे वापरतात. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. घुमट, शामेळ आणि कांसाळे यांच्या साथीने चवथीच्या आरत्या ऐकत वाढलेल्या मुलाच्या अंगात लय आधीच मुरलेली असते. त्याच मुलाला शाळेत आल्यावर बाकावर बोटे वाजवली म्हणून शिक्षा होते, हे काही बरे नव्हे.

गायन, वादन, नृत्य, नाटक, चित्र यांतले काय निवडावे आणि कुठे शिकावे?

नऊ-दहा वर्षांपर्यंत निवडूच नये. सगळ्याची चव घेऊ द्यावी. त्यानंतर मूल आपण होऊन ज्याच्याकडे वळते ते शिकवावे, मग ते शेजारच्या मुलाहून वेगळे असले तरी चालेल. मुलगा असून फुगडी किंवा कथ्थक करायचे म्हणाला, तर करू द्यावे. यावर याहून जास्त लिहिण्याची गरज नसावी.

संस्थांच्या बाबतीत गोवा लहान असूनही भाग्यवान आहे. पणजीत कांपाल येथे कला अकादमी आहे. तिची इमारत चार्ल्स कोरिया यांनी रचलेली असून तेथे भारतीय संगीत व नृत्य, पाश्चात्त्य संगीत आणि नाट्य यांचे शिक्षण दिले जाते. कांपाललाच बाल भवन आहे. मडगाव, कुडचडे आणि साखळी येथे रवींद्र भवने आहेत, फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे. प्रवेश आणि वेळा तेथेच जाऊन विचाराव्यात, कारण त्या बदलतात.

शिक्षकाची पारख करताना वर्गाबाहेर थांबून दहा मिनिटे ऐकावे. फक्त शिक्षकाचाच आवाज येत असेल तर दुसरा वर्ग पाहावा.

संगीताच्या बाबतीत आपल्या भूमीला दोन परंपरा लाभल्या. देवळांच्या आश्रयाने वाढलेल्या परंपरेतून केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर आणि मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आले. दुसरी परंपरा चर्चच्या आवारातील पॅरिश शाळांची. तेथे मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्याच वातावरणात वाढले आणि मुंबईत त्यांनी प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन यांना व्हायोलिन शिकवले. या दोन्ही परंपरांत संगीत ही फावल्या वेळची गंमत नव्हती. लहान मुलाला रोज ठरल्या वेळी, गुरूसमोर बसून ते शिकावे लागत असे. मुलाच्या मुखत्यारीचा मी एवढा पुरस्कार करतो म्हणून रियाज ऐच्छिक आहे असे समजू नये. काय गायचे याचा निर्णय घेण्यासाठी आधी गळा हाती यावा लागतो.

नाटकाबद्दल एवढेच सांगतो की जत्रांत आणि उत्सवांत आपल्या गावोगावी मराठी नाटके होतात, आणि त्यांतील बालकलाकाराची भूमिका मिळालेले मूल महिनाभरात जेवढी मराठी आत्मसात करते तेवढी वर्षभराच्या शुद्धलेखनाने करत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. परीक्षा जवळ आली म्हणून तालमीला न पाठवणारे पालक मला भेटतात. तेव्हा वर उल्लेख केलेले नाट्य आणि भाषा यांविषयीचे निष्कर्ष मी त्यांना सांगतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण याबद्दल काय म्हणते?

कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांमध्ये कठोर भिंती नसाव्यात, असे २०२० च्या धोरणात स्पष्ट म्हटले आहे आणि इतर विषय कलेच्या आधाराने शिकवण्यावर त्यात भर आहे. हे अगदी नवीन नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही संगीत, नृत्य, दृश्यकला आणि नाट्य या चारही अंगांना दहावीपर्यंत स्थान द्यावे असे म्हटले होते. त्याआधी शांतिनिकेतनात १९१९ साली कलाभवन सुरू झाले आणि १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी हस्तव्यवसायाभोवती शिक्षण गुंफणारी नयी तालीम मांडली. कागदावर कला शंभर वर्षे आहे. वेळापत्रकात मात्र शुक्रवारी शेवटच्या तासाला आहे, आणि तो तासही अपुऱ्या राहिलेल्या गणितासाठी उसना घेतला जातो. तुमच्या मुलाच्या शाळेत महिन्यात प्रत्यक्ष किती कलातास झाले, हे पालकसभेत जरूर विचारावे. हा प्रश्न विचारणारे चार पालक उभे राहिले तर परिपत्रकापेक्षा जास्त परिणाम होतो.

कलेला गुण द्यावेत का?

एका चित्राला दहापैकी सात देण्यात काही अर्थ नाही. वर्षभराची चित्रे एका पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये क्रमाने ठेवावीत आणि जूनचे चित्र मार्चच्या चित्राशेजारी मांडून मुलाला काय बदलले ते विचारावे. तुलना त्याच्या स्वतःशीच व्हावी.

मुलगी दहावीत आहे. आता हे सगळे बंद करावे का? आणि यात पुढे पोट भरते का?

दहावीच्या वर्षी वेळ कमी करावा, बंद करू नये. आठवड्यातून दोन तास गेल्याने टक्केवारी घसरल्याचे मी पाहिलेले नाही; मोबाइलला दिलेल्या वेळाबद्दल असे म्हणता येणार नाही.

पुढील शिक्षणासाठी पणजीत आल्तिनो येथे १९७२ साली स्थापन झालेले गोवा कला महाविद्यालय आहे. ते गोवा विद्यापीठाशी संलग्न असून तेथे चित्रकला आणि उपयोजित कला यांत पदवी घेता येते. मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै १९७७ ते १९८७ या काळात तेथे प्राचार्य होते. उपयोजित कलेतून जाहिरात, पुस्तकांची मांडणी, ॲनिमेशन, संकेतस्थळांचे आरेखन अशा वाटा फुटतात. निखळ चित्रकाराची वाट अवघड आहे आणि ते मुलीला आधीच सांगावे. उलट, लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी महाविद्यालयात इतिहास शिकला होता, चित्रकला नव्हे. त्यांच्या घरी लहानपणी चित्र काढायला वही दिली गेली होती, आणि ती वही पुढे आयुष्यभर सुटली नाही.

टॅब्लेटवर चित्र काढणे चालेल का?

बारा वर्षांनंतर चालेल. त्याआधी ओला कागद किती पाणी धरतो, खडू किती दाबला की तुटतो हे हाताला कळू द्यावे. शिवाय टॅब्लेटवर एका बोटाने मागे जाता येते, म्हणजे ते खोडरबरच झाले. शब्द टाकून यंत्राकडून चित्र काढून घेण्याचा प्रकारही मुले आता करतात. त्यात गंमत आहे, पण माड मधोमध की कडेला हे तिथे यंत्र ठरवते.

माझे मूल इतर मुलांसारखे बोलत किंवा शिकत नाही. त्याला कलेचा उपयोग होईल का?

बहुधा होईल, आणि त्याला वेगळ्या कोपऱ्यात न बसवता इतरांसोबतच बसवावे. जाड ब्रश, टेबलाला चिकटवलेला कागद, मातीचा गोळा असे छोटे बदल पुरतात. काही मुलांना ओल्या रंगाचा स्पर्श सहन होत नाही. त्यांना कोरडा खडू द्यावा, आग्रह करू नये. चित्रावरून मुलाच्या मनाचे निदान मात्र शिक्षकाने किंवा पालकाने करू नये. काळा रंग जास्त वापरला म्हणजे मूल दुःखी आहे, असे नसते. कित्येकदा पेटीत फक्त काळाच शिल्लक असतो.

इतकी चित्रे साठवायची कुठे? पावसात सगळे खराब होते.

सगळी ठेवू नयेत. महिन्याला दोन किंवा तीन, आणि ती मुलाने निवडावीत. बाकीच्यांची छायाचित्रे काढून कागद उलट बाजूने वापरावेत. मेणखडूची चित्रे एकमेकांना चिकटतात, म्हणून मध्ये कोरा कागद घालावा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उमटते. प्लास्टिकच्या आवरणात बंद करू नये, आत ओल धरली की बुरशी येते. फाइल बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात न ठेवता उंचावर ठेवावी आणि मे महिन्यात एक दिवस बाहेर काढून सावलीत वारा द्यावा, म्हणजे वाळवी आणि कसर लागली असेल तर वेळीच दिसेल. प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलने तारीख, मुलाचे वय आणि चित्राबद्दल त्याने जे सांगितले ते लिहावे. ज्या भाषेत सांगितले, त्याच भाषेत.